एका कॉम्प्युटरवर दोन बिऱ्हाडं: विंडोजशेजारी लिनक्स बसवताना

लिनक्स इन्स्टॉल व्हायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्याआधी विंडोजमध्ये बसून करायच्या कामांना मात्र एक अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. ज्यांचं या भानगडीत बिनसतं, त्यांचं बहुतेक वेळा ही संध्याकाळ वाचवायच्या नादात बिनसतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग विंडोजबद्दलच आहे.

मी असं धरून चालतेय की तुमच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० किंवा ११ आधीपासून आहे, ते नीट चालतंय, आणि त्याला धक्का न लावता शेजारी लिनक्स हवं आहे. आधी लिनक्स आणि मग विंडोज असा उलटा क्रमही जमतो, पण विंडोजचा इन्स्टॉलर पहिला मान स्वतःकडे घेतो आणि शेजारी कोण आहे हे विचारतही नाही. लिनक्सचा इन्स्टॉलर निदान चौकशी करतो. तेव्हा विंडोज आधी, लिनक्स नंतर. लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. नवख्याने उबुंटूची एलटीएस आवृत्ती किंवा लिनक्स मिंट यांपैकी एक घ्यावं आणि निवडीवर आठवडा घालवू नये. एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये आलेली २४.०४ ही आवृत्ती २०२९ पर्यंत निर्धास्त वापरता येते.

## खरंच दोन बिऱ्हाडं हवीत का?

एका कॉम्प्युटरवर अशा दोन सिस्टिम ठेवण्याला ड्युअल बूट म्हणतात. त्यात एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरीकडे जायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसातून सहा वेळा जा-ये करायची असेल तर चार दिवसांत कंटाळा येतो. नुसतं लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील तर विंडोजमधलं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, पुरतं. लिनक्स कसं दिसतं एवढंच पाहायचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या एका खिडकीत नकली कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघा. त्यात काही बिघडलं तर ती एक फाइल पुसली की झालं.

कॉम्प्युटरची पूर्ण ताकद लिनक्सला द्यायची असेल आणि त्याच वेळी एखाद्या सॉफ्टवेअरसाठी किंवा गेमसाठी विंडोज सोडता येत नसेल, तर मात्र ड्युअल बूट हवं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून आणखी एक कारण वाढलं आहे: जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ चालत नाही, म्हणून इंटरनेटची कामं लिनक्सवर करायची आणि जुनं विंडोज एखाद-दुसऱ्या प्रोग्रॅमपुरतं ठेवायचं.

मॅकवाल्यांसाठी हा लेख नाही. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प होतं, २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते नाही, आणि तिथलं गणितच वेगळं आहे.

कॉम्प्युटरमध्ये दुसरी एसएसडी बसवायला जागा असेल तर ती बसवा आणि लिनक्सला तिच्यावर पाठवा. वेगळं घर, वेगळं दार. यापेक्षा सुरक्षित मार्ग मला ठाऊक नाही. लिनक्स बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेवली तर चुकायचीही सोय उरत नाही.

## कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा काय घडतं

हा भाग गाळून पुढे जाता येईल. पण तो समजला तर नंतर काही अडलं की घाबरायला होत नाही, म्हणून थोडा वेळ द्या.

बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं यूईएफआय नावाचं फर्मवेअर. जुन्या सवयीने लोक त्यालाच बायॉस म्हणतात. ते डिस्कवरचं एक छोटं पार्टिशन, म्हणजे वेगळा आखलेला कप्पा, शोधतं. याचं नाव ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्याची फॉरमॅट फॅट३२, आणि विंडोजने बनवलेलं असेल तर आकार सहसा १०० एमबी किंवा त्याहून थोडा जास्त. या पार्टिशनमध्ये प्रत्येक सिस्टिमचा स्वतःचा फोल्डर असतो आणि त्यात तिला सुरू करणारी छोटी फाइल, म्हणजे बूटलोडर. विंडोजचा फोल्डर मायक्रोसॉफ्टच्या नावाचा, उबुंटूचा उबुंटूच्या नावाचा. कोणाला आधी हाक मारायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते.

म्हणजे लिनक्स आलं तरी विंडोजचा बूटलोडर जागच्या जागी राहतो, फक्त यादीत त्याचा नंबर खाली जातो. लिनक्सचा बूटलोडर, ज्याचं नाव ग्रब, उद्या बिघडला तरी फर्मवेअरच्या बूट मेनूतून विंडोज थेट सुरू करता येतं.

जुन्या बायॉसच्या काळात असं नव्हतं. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, एकच खुर्ची होती. शेवटी येईल तो आधीच्याला उठवून बसायचा. ड्युअल बूटबद्दलच्या निम्म्या भयकथा त्या खुर्चीच्या आहेत.

तुमचा कॉम्प्युटर कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा. स्टार्ट मेनूत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा आणि त्यात 'बायॉस मोड' ही ओळ वाचा. तिथे यूईएफआय असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. 'लेगसी' असेल तर डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. तिच्यावर चारच प्रायमरी पार्टिशन बनतात, आणि त्यांतली तीन-चार विंडोजने आधीच अडवलेली असतात. अशा वेळी विंडोज 'डिस्क डायनॅमिक करू का' असं विचारतं. नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स बसवणं म्हणजे नसता उपद्व्याप आहे. लेगसीवाल्यांना पहिल्या प्रयत्नासाठी माझा सल्ला वेगळी डिस्क हाच.

## विंडोजमधली संध्याकाळ

पहिलं काम बॅकअप. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मग ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. हे मी अनुभवाने सांगतेय. पहिल्या वेळी मी मोठ्या शिस्तीत बॅकअप घेतला तो एका पेन ड्राइव्हवर, आणि अर्ध्या तासाने लिनक्सचा इन्स्टॉलर बनवायला तोच पेन ड्राइव्ह वापरला. प्रोग्रॅमने 'सगळं पुसलं जाईल' असं ठळक अक्षरांत विचारलं होतं. मी हो म्हटलं. कॉम्प्युटरवर सगळं शाबूत होतं म्हणून निभावलं. जमलं तर दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलरही बनवून ठेवा. बहुधा लागणार नाही, पण लागला तर त्या वेळी तो बनवायला चालू कॉम्प्युटर हाताशी नसतो.

दुसरं काम एन्क्रिप्शन, आणि आजकाल सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डिस्क आधीच कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. प्रो आवृत्तीत याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये बघा. चालू असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की मिळवा. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल तर ती सहसा त्या खात्यात साठवलेली असते. की कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपवर साठवून ठेवलेली की म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क मोठी असेल तर उलगडायला तासभर किंवा जास्तही लागतो. पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंतर ते पुन्हा चालू करता येईल का? येईल. पण कुलूप उघडताना विंडोज बूट होण्याची वाटही तपासतं. ग्रबमधून विंडोजमध्ये शिरलात तर वाट बदलल्यासारखी दिसते आणि ते मध्येच रिकव्हरी की मागू शकतं. म्हणून एन्क्रिप्शन ठेवणाऱ्यांनी विंडोज नेहमी फर्मवेअरच्या बूट मेनूतून सुरू करायची सवय लावावी.

तिसरं काम फास्ट स्टार्टअप बंद करणं. ही सोय चालू असते तेव्हा 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जातं आणि डिस्कवरचा आपला हिशेब उघडा ठेवतं. तशा डिस्कवर लिनक्सने काही लिहिलं तर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि फाइली खराब होतात. शहाणं लिनक्स अशी डिस्क फक्त वाचायला उघडतं, लिहू देत नाही, आणि मग लोक लिनक्सला नावं ठेवतात. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं जा. तिथे 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केल्यावर खालच्या फिक्या ओळी जाग्या होतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची टिक काढा. याच कारणाने विंडोज हायबरनेट करून लिनक्समध्ये जायचं नाही, आणि उलटही नाही.

चौथं काम जागा मोकळी करणं. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की येणाऱ्या मेनूत 'डिस्क मॅनेजमेंट' आहे. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे ८० जीबी हवे असतील तर ८० गुणिले १०२४, बरोबर ८१९२०. किती द्यावं? उबुंटू २५ जीबीत बसतं, पण तेवढंच दिलंत तर सहा महिन्यांत रडकुंडीला याल. नुसत्या कामाला ६० जीबी, नांदायचं असेल तर १०० किंवा जास्त. सी ड्राइव्हवरही विंडोजच्या अपडेटसाठी ३० जीबी तरी मोकळे राहू द्या.

कधी कधी ड्राइव्हवर २०० जीबी मोकळे दिसतात आणि विंडोज म्हणतं की फक्त १२ कमी करता येतील. याचं कारण हलवता न येणाऱ्या फाइली: पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट. त्या पार्टिशनच्या मधोमध बसलेल्या असतात आणि विंडोज त्यांच्या अलीकडे सरकू शकत नाही. 'सिस्टिम प्रोटेक्शन' आणि पेज फाइल तात्पुरती बंद करा, हायबरनेशनही बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून बघा, मग प्रोटेक्शन आणि पेज फाइल परत चालू करा. हायबरनेशन बंदच राहिलं तरी बिघडत नाही. ते बंद असलं की फास्ट स्टार्टअपही आपोआप बंद होतं.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. तिला हात लावू नका. तिथे नवा ड्राइव्ह बनवायचा नाही, फॉरमॅट करायची नाही. एकदा रीस्टार्ट करून विंडोज नीट येतंय हे बघा आणि पुढे चला.

## पेन ड्राइव्ह

उबुंटूची किंवा मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खा इन्स्टॉलर एका फाइलीत, त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. उबुंटूची फाइल आता सहा जीबीच्या आसपास असते, तेव्हा पेन ड्राइव्ह निदान ८ जीबीचा हवा. फाइल अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉल मध्येच कोलमडतं, म्हणून साइटवर दिलेली एसएचए२५६ ची लांबलचक संख्या तुमच्या फाइलशी ताडून बघा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करूनच ती मिळते.

आयएसओवरून पेन ड्राइव्ह बनवायला विंडोजमध्ये रूफस नावाचा प्रोग्रॅम आहे. तो उघडा, पेन ड्राइव्ह निवडा, आयएसओ द्या. 'पार्टिशन स्कीम' जीपीटी आणि 'टार्गेट सिस्टिम' यूईएफआय ठेवा, बाकी कशाला हात लावू नका.

आता पेन ड्राइव्हवरून बूट करायचं. कॉम्प्युटर सुरू होताना एफ १२, एफ ९, एफ ८ किंवा एस्केप यांपैकी एक बटण बूट मेनू उघडतं. कंपनीगणिक बटण वेगळं. बटण सापडेना तर विंडोजमधूनच शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' वर क्लिक करा आणि निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' निवडा. यादीत पेन ड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तोच घ्या.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलेच बूटलोडर चालू देणारा फर्मवेअरमधला पहारा, आधी बंद करावं लागतं असं सर्रास सांगितलं जातं. उबुंटू, मिंट, फेडोरा यांचे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीने येतात, त्यामुळे चालू ठेवूनच प्रयत्न करा. नाहीच जमलं तर बंद करायचं हातात आहे.

## आधी राहून बघा

मेनूत 'ट्राय' हा पर्याय येईल. डिस्कला न शिवता लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू होतं. इथे अर्धा तास घालवा. वाय-फाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं, सगळं तपासा. वाय-फाय चाललं नाही तर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्या, बरेचदा इन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मिळतो. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून मेनूतला 'सेफ ग्राफिक्स' पर्याय घ्या. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे लागतं.

डिस्क दिसतेय का, हेही इथेच कळतं. इन्स्टॉलर सुरू केल्यावर डिस्कच नाही असं तो म्हणाला, तर बहुधा फर्मवेअरमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीवर आहे आणि ते एएचसीआयवर आणावं लागेल. पण थेट बदल केलात तर विंडोज बूट होणार नाही. क्रम असा: विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून 'बूट' टॅबमध्ये 'सेफ बूट' वर टिक करा. रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये जा आणि पद्धत बदला. विंडोज सेफ मोडमध्ये येईल आणि नवा ड्रायव्हर उचलेल. मग ती टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा खरा पासवर्ड आठवतोय ना, हे आधी बघून घ्या. एन्क्रिप्शन आधीच बंद केलंय, त्याचा इथेही उपयोग होतो.

## इन्स्टॉल

भाषा, कीबोर्ड, वाय-फाय हे प्रश्न सरळ आहेत. 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर' इन्स्टॉल करू का असं विचारलं की हो म्हणा. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतील, तो लक्षात ठेवा.

मग येतो तो एकच प्रश्न, ज्यासाठी श्वास रोखून धरायला हरकत नाही: लिनक्स कुठे बसवायचं? 'इरेज डिस्क' म्हणजे विंडोजसकट सगळं पुसणं. 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर' म्हणजे शेजारी बसवणं. तिसरा पर्याय 'मॅन्युअल' किंवा 'समथिंग एल्स', म्हणजे स्वतः पार्टिशन करणं.

शेजारचा पर्याय दिसत असेल आणि तुमच्याकडे एकच डिस्क असेल तर तोच घ्या. मोकळी जागा आधी ठेवलेली असली की इन्स्टॉलर साधारणपणे तीच उचलतो. तो सी ड्राइव्ह आणखी कापायला निघाला आहे असं दिसलं, तर मागे फिरा आणि मॅन्युअल घ्या.

मॅन्युअलची धास्ती घ्यायचं कारण नाही. यादीत पार्टिशन आकारासह दिसतील. 'फ्री स्पेस' लिहिलेली ओळ तुमची, त्या ८० जीबीची. तिच्यावर नवं पार्टिशन बनवा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट नुसता एक स्लॅश: /. वेगळं स्वॅप पार्टिशन आता लागत नाही, उबुंटू आणि मिंट स्वॅपची फाइल स्वतःच बनवतात. होम, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींचा फोल्डर, वेगळ्या पार्टिशनवर ठेवावा असं जुने जाणते सांगतात. १०० जीबीच्या आत ते करू नका, कारण एका बाजूला जागा उतू जाते आणि दुसऱ्या बाजूला टिपूस नसतो.

ईएफआय पार्टिशन, ते फॅट३२ वालं चिमुकलं, जुनंच वापरायचं. त्याच्यासमोर 'फॉरमॅट' ची टिक असता कामा नये. ते फॉरमॅट झालं तर विंडोजच्या सगळ्या फाइली जागेवर असूनही विंडोज सुरू होणार नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये खाली बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकायचा हेही विचारतात. दोन डिस्क असतील तर तिथे लिनक्सची डिस्क निवडा, आणि डिस्क ओळखताना नुसत्या आकारावर जाऊ नका, आत कोणती पार्टिशन आहेत ते वाचा.

शेवटच्या पानावर काय काय बदलणार त्याची यादी येते. तोवर डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. यादीत एनटीएफएस प्रकाराचं, म्हणजे विंडोजचं, कोणतंही पार्टिशन फॉरमॅट होणार असं दिसलं तर मागे फिरा. सगळं ठीक असेल तर 'इन्स्टॉल' दाबा, चार्जर लावलेला आहे ना बघा, आणि उठा तिथून.

## पहिल्यांदा सुरू करताना

पेन ड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की कधी एक निळी स्क्रीन येते: 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट'. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग वाय-फाय किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर का चालत नाही म्हणून दोन दिवस शोधत बसतात. इथे 'एनरोल मॉक' निवडायचं आणि मघाशी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. सिक्युअर बूटला नव्या ड्रायव्हरची ओळख करून देण्याचा हा विधी आहे, आणि तो ही स्क्रीन आली तेव्हाच उरकायचा असतो.

त्यानंतर ग्रबचा मेनू: वर उबुंटू, खाली कुठेतरी 'विंडोज बूट मॅनेजर'. दोन्ही एकेकदा उघडून बघा. मेनू न येता थेट विंडोजच आलं तर फर्मवेअरमध्ये जाऊन बूट क्रमात लिनक्स वर आणा. मेनू आला पण त्यात विंडोज नसलं, तर कारण साधं आहे. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याची ओळ असते. तिथे 'डिसेबल' समोर 'फॉल्स' लिहायचं आणि 'अपडेट-ग्रब' ही कमांड सुडोसह, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवायची.

## एकत्र नांदताना

विंडोजमध्ये परतलात की घड्याळ काही तास चुकलेलं दिसेल. मदरबोर्डवर घड्याळ एकच आहे. विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजतं, लिनक्स ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं, म्हणून तुमची वेळ यूटीसीपासून जितकी लांब तितका फरक पडतो. लिनक्सलाच समजावणं सोपं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड 'सेट-लोकल-आरटीसी' आणि १ यांसह चालवली की मिटलं. असं करणं शुद्ध नाही असा इशारा ती देईल. देऊ दे.

फाइली दोघांत वाटून घ्यायच्या तर लक्षात ठेवा: लिनक्सला विंडोजचं एनटीएफएस वाचता-लिहिता येतं, विंडोजला ईएक्सटी४ चा गंध नाही. सामायिक गाणी-फोटो-कागदपत्रांसाठी एक वेगळं एनटीएफएस किंवा एक्सफॅट पार्टिशन ठेवा. सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून ढवळाढवळ टाळलेली बरी.

ब्लूटूथचा हेडफोन दर वेळी सिस्टिम बदलली की रुसतो. तो बिघडलेला नाही. दोन्ही सिस्टिम त्याच्याशी वेगवेगळी चावी ठरवतात आणि हेडफोनला एका कॉम्प्युटरची एकच आठवते. पुन्हा जोडा, किंवा तार लावा.

विंडोजचा मोठा अपडेट कधी कधी बूट क्रमात स्वतःला वर सरकवतो. फर्मवेअरमधून परत खाली आणायचं, बास. ऑगस्ट २०२४ मधल्या सुरक्षा अपडेटने मात्र जास्त गोंधळ घातला होता. सिक्युअर बूटने जुने लिनक्स बूटलोडर नाकारले आणि 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असा संदेश देऊन कॉम्प्युटर बंद व्हायचे. असं काही दिसलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरा, सगळे अपडेट घ्या आणि मग ते पुन्हा चालू करून बघा. डेटा कुठेही गेलेला नसतो, दार फक्त उघडत नसतं.

## एक बिऱ्हाड हलवायचं असेल तर

लिनक्स काढताना लोक आधी त्याचं पार्टिशन पुसतात. ग्रबची बाकीची फाइल त्याच पार्टिशनवर असते, त्यामुळे पुढच्या वेळी 'ग्रब रेस्क्यू' असं लिहिलेली काळी स्क्रीन समोर येते. आधी फर्मवेअरमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा, विंडोज थेट सुरू होतंय याची खात्री करा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन पुसा. ईएफआय पार्टिशन पुसायचं नाही. त्यात उरलेला उबुंटूचा फोल्डर काही एमबींचा असतो, राहिला तरी कोणाला खात नाही.

रिकामी जागा सी ड्राइव्हला 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने जोडता येते, पण ती त्याला उजवीकडून चिकटून असेल तरच. मध्ये दुसरं पार्टिशन आलं तर तो पर्याय फिका राहतो. तसं असेल तर त्या जागेत वेगळा डी ड्राइव्ह बनवून टाका.